नाशिकहून जैसलमेर: हिवाळ्यात कुटुंबासह जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळी उरकली की नाशिक, सिन्नर, निफाडकडून जैसलमेरबद्दलचे प्रश्न यायला लागतात, आणि त्यातले बरेचसे दरवर्षी तेच असतात. सोबत आजी-आजोबा आणि शाळकरी मुलं आहेत असं धरून ही उत्तरं दिली आहेत. फक्त तरुण मंडळी असतील तर निम्म्या सूचना सोडून दिल्या तरी चालेल.

१. जैसलमेरला जायला सगळ्यात चांगले दिवस कोणते?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत हवा छान असते. अडचण गर्दीची आहे. दिवाळीनंतरच्या आठवड्यात गुजरातमधून लोंढे येतात आणि २४ डिसेंबर ते २ जानेवारी या दिवसांत भाडी वाटेल तशी चढतात. मुलांच्या शाळेचं जमत असेल तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा संक्रांतीनंतरचे तीन-चार आठवडे धरा. माघ पौर्णिमेच्या सुमारास मरु महोत्सव असतो. उंटांच्या शर्यती, पगडी बांधण्याची स्पर्धा, लोकसंगीत असं सगळं बघायचं असेल तर त्या तारखा मुद्दाम साधा, पण खोली आधी पक्की करा. मार्च उजाडला की ऊन चावायला लागतं, एप्रिल-मेचा तर विचारही नको.

२. निफाडला काय कमी थंडी पडते? मग तिकडे जायला वेगळी तयारी कशाला?

आकड्यांत फरक थोडाच आहे. डिसेंबर-जानेवारीत जैसलमेरला दिवसा २३ ते २५ अंश आणि रात्री ७-८ अंश असतात. थंडीची लाट आली तर पारा ४ अंशांखालीही जातो. फरक आहे तो थंडी कुठे बसून सोसायची याचा. घरी रात्री नऊला आपण दार लावून आत असतो. तिकडे त्याच वेळी उघड्यावर, वाऱ्यात, खुर्चीवर बसून नाच-गाणं बघत असतो आणि नंतर कापडी तंबूत झोपतो. कोरडी हवा आणि निरभ्र आकाश यांमुळे वाळू दिवसभराची ऊब फार लवकर सोडते. सूर्य बुडाल्यावर तासाभरात हवा पार बदलते.

म्हणून एक जाड जॅकेट नेण्यापेक्षा थर न्या: आतून थर्मल, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जर्किन, कानटोपी आणि माणशी दोन जोड लोकरी मोजे. दिवसासाठी सुती कपडे, टोपी आणि गॉगल. बंद बूट हवेतच, कारण संध्याकाळची वाळू पायाला गार लागते.

कोरड्या हवेकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. दुसऱ्या दिवशी ओठ फाटतात, टाचा उलतात, काही मुलांचा घोळणा फुटतो. झोपताना नाकपुडीच्या कडेला आतून व्हॅसलीनचं बोट फिरवावं आणि दिवसभर आठवणीने पाणी पाजावं. थंडीत तहान कळत नाही.

३. नाशिकरोडहून कसं जायचं?

नाशिककरांचा रुळलेला रस्ता मुंबईवरून आहे. वांद्रे टर्मिनसहून दुपारी सुटणारी सूर्यनगरी एक्सप्रेस रोज जोधपूरला जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवते. जोधपूर ते जैसलमेर सुमारे २८५ किलोमीटर आहे, गाडी करून पाच तास लागतात. वांद्रे टर्मिनसहून थेट जैसलमेरची गाडीही आहे, पण ती आठवड्यातून एकदाच. तिचा वार तुमच्या सुटीत बसत असेल तर आधी तीच बघा.

सकाळी पंचवटीने दादरला उतरून पुढे जाता येतं. मात्र वांद्रे लोकलचं स्टेशन आणि वांद्रे टर्मिनस या दोन वेगळ्या जागा आहेत. बॅगा आणि म्हातारी माणसं सोबत असताना हे आयत्या वेळी कळलं तर फार धावपळ होते. दादरहून सरळ टॅक्सी करा. सामान कमी असेल तर लोकलने खार रोडला उतरा, तिथून टर्मिनसवर जाणारा पादचारी पूल आहे.

नाशिकहून गाडी करून येणार असाल तर शहरात शिरूच नका. भिवंडी, घोडबंदरवरून बोरिवली गाठा आणि गाडी तिथे धरा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. भिवंडीची कोंडी मात्र आहे तशीच आहे, तिच्यासाठी दोन तास हातचे ठेवा. आणि तिकिटावर चढण्याचं स्थानक बोरिवलीच नोंदवलेलं हवं. वांद्र्याहून काढलेल्या तिकिटावर बोरिवलीला चढायला गेलात, तर तोवर टीसीने तुमची जागा दुसऱ्या कुणाला दिलेली असू शकते.

४. तिकिटं कधी उघडतात? आजी-आजोबांना खालचा बर्थ नक्की मिळेल का?

१ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून. म्हणजे २५ डिसेंबरचं तिकीट २६ ऑक्टोबरला सकाळी आठला. हमखास चूक होते ती परतीच्या तिकिटाची: जाण्याचं काढून माणूस निर्धास्त होतो, परतीचं त्यानंतर पाच-सहा दिवसांनी उघडतं आणि तोवर विसरलेलं असतं. दोन्ही तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पण त्या तिकिटावर जास्तीत जास्त दोनच प्रवासी चालतात. सहा जणांचं एकत्र तिकीट काढलं की तो कोटा हातचा जातो. म्हणून आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढा. डबा कदाचित वेगळा येईल. त्याच गाडीतल्या डब्यांत अदलाबदल करून घेता येते, वरच्या बर्थवर चढायला मात्र कुणी मदत करू शकत नाही. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पाच पूर्ण ते बाराच्या आतल्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडं पडतं.

५. विमानाने?

जैसलमेरच्या विमानतळावर नागरी उड्डाणं प्रामुख्याने हिवाळ्याच्या हंगामात असतात आणि वेळापत्रक दरवर्षी बदलतं. ओझरहून अहमदाबाद किंवा दिल्लीमार्गे जोडणी बसते का ते बघा. दोन वेगवेगळी तिकिटं काढून मधे दीड तास ठेवू नका. जानेवारीत उत्तरेकडच्या धुक्याने पहिलं विमान लांबलं तर दुसऱ्याचे पैसे बुडतात.

६. स्वतःची गाडी घेऊन गेलं तर?

सापुतारा, अहमदाबाद, पालनपूर, सांचोर, बाडमेर करत साधारण हजार किलोमीटर पडतात. अहमदाबादला मुक्काम करून दोन दिवसांत आरामात होतं, एका दमात कुणी करू नये. तीन गोष्टी सांभाळा.

गुजरातेत दारूबंदी आहे. डिकीत सीलबंद बाटली सापडली तरी गुन्हा होतो, मग ती राजस्थानात उघडणार होता हे सांगून उपयोग नसतो. बाडमेरपुढे अंधार पडल्यावर गाडी हाकू नका: रस्ता सरळ आणि मोकळा असल्यामुळे वेग वाढतो, आणि गाई, नीलगायी, उंट अचानक आडवे येतात. उंटाचे पाय लांब, त्यामुळे धडकेनंतर त्याचं धड थेट काचेवर येतं.

तिसरं म्हणजे डांबर सोडून वाळूत गाडी घालू नका. फसलीच तर रेस करत बसू नका, चाक आणखी खोल जातं. चारही चाकांची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा, चाकांपुढची वाळू हाताने उपसा, पायपुसणं चाकाखाली सरकवा आणि हलक्या पायाने, शक्यतो आलात त्याच चाकोरीतून मागे काढा. डांबरावर आल्यावर हवा भरेपर्यंत वेग कमी ठेवा.

बाडमेरकडून येताना जैसलमेरच्या अलीकडे १७ किलोमीटरवर आकल गावी लाकडांचे जीवाश्म बघायला मिळतात. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले बुंधे तिथे पडलेले आहेत. मुलांना घेऊन तासभर थांबावंच अशी जागा आहे.

७. किती दिवस पुरतात आणि क्रम कसा लावायचा?

जैसलमेरलाच चार रात्री द्या: तीन शहरात, एक वाळूत. पाच दिवसांत जोधपूर, जैसलमेर, बिकानेर अशी रांग लावणाऱ्यांचा निम्मा वेळ गाडीत जातो आणि मुलांच्या लक्षात राहतात ते धाबे.

पोचलात त्या संध्याकाळी फक्त गडीसर तलाव. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला, दुपारी झोप, उन्हं उतरल्यावर पटवों की हवेली. पाच हवेल्यांचा तो समूह १९व्या शतकातला आहे आणि तिरप्या उन्हात त्याची जाळी फार सुरेख दिसते. तिसऱ्या दिवशी जेवून निघा, वाटेत पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेलं कुलधरा गाव बघा आणि चारपर्यंत सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर पोचा. डिसेंबरात तिथे सूर्य सहाच्या आधीच मावळतो, आणि पाच वाजता पोचणाऱ्यांचा सूर्यास्त तंबूची चावी घेण्यात जातो. चौथ्या दिवशी सूर्योदय बघून परत, येताना लोद्रवाचं जैन मंदिर. सकाळी सव्वासातशिवाय उजाडत नाही, त्यामुळे मुलांना उठवणं फार जड जात नाही. तनोटला जायचं असेल तर पाचवा दिवस पूर्ण लागतो, त्यासाठी प्रश्न १३ पाहा.

८. किल्ल्यात राहावं की खाली?

खाली. कितीही मोह झाला तरी खालीच.

रावळ जैसलने ११५६ मध्ये वसवलेला हा किल्ला आजही नांदता आहे, काही हजार माणसं आत राहतात. २०१३ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. तो बांधला गेला तेव्हा माणसं घागरीने पाणी आणत आणि थेंब न थेंब पुरवून वापरत. आता आतल्या हॉटेलांत शॉवर आणि फ्लश चालतात. ते पाणी जुन्या गटारांतून झिरपून टेकडीच्या मऊ थरांत उतरतं आणि वरचे बुरूज, भिंती खचतात. त्यात भर न घालणं आपल्या हातात आहे. शिवाय किल्ल्यातून किल्ला दिसत नाही. समोरच्या गल्लीतली गच्ची असलेली खोली घ्या, सकाळी पिवळा दगड उजळताना समोरून बघता येतो.

चढताना अखै पोल, सूरज पोल, गणेश पोल, हवा पोल असे चार दरवाजे लागतात. फरशा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी आणि रबरी तळाचे बूट घालावेत. किल्ल्यात शिरायला तिकीट नाही, राजवाड्याच्या संग्रहालयाला आहे. जैन मंदिरं सकाळी गाठा. चामड्याचा पट्टा-पाकीट आत चालत नाही, ते खोलीवर ठेवूनच निघा.

९. वाळूतला मुक्काम समला करावा की खुरीला?

सम पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे: सोयी भरपूर, तंबू शेकड्यांनी आणि तेवढाच गोंगाट. खुरी नैऋत्येला ४५-५० किलोमीटरवर, लहान गाव, धोरे, म्हणजे वाळूच्या टेकड्या, जरा ठेंगणे, पण रात्री शांत. पहिल्यांदाच येत असाल आणि मुलांना नाच-गाणी, जीप, सगळं हवं असेल तर सम. आजी-आजोबांना निवांत बसायचं असेल, चांदण्या मोजायच्या असतील तर खुरी. आमचा कौल खुरीला आहे, विशेषतः ३१ डिसेंबरच्या आसपास, जेव्हा समला पहाटेपर्यंत डीजे वाजतो.

१०. तंबू बुक करताना नेमकं काय विचारायचं?

फोटो सगळ्यांचे सारखेच असतात, म्हणून फोनवर विचारा आणि उत्तरं लेखी मागवा.

धोरे तंबूपासून किती लांब आहेत? बरेच कॅम्प रस्त्याच्या पलीकडे, एक-दोन किलोमीटरवर असतात आणि वाळू बघायला परत जीप करावी लागते. संडास-न्हाणी तंबूला जोडून आहे का, गरम पाणी गिझरचं की बादलीतून आणि किती वाजेपर्यंत? माणशी किती रजया? एका पलंगाला एक रजई हे उत्तर आलं तर तिथेच जास्तीची मागून ठेवा. कार्यक्रम किती वाजता बंद होतो, आवारात दारू चालते का? उंट आणि जीप दरात धरली आहे की वेगळी, आणि दर माणशी की वाहनाला? पोहण्याच्या तलावाचा फोटो बघून मुलं हुरळतात, पाणी तापवलेलं असतं का ते विचारा. नसेल तर जानेवारीत कुणी पाय बुडवत नाही.

शहरातल्या हॉटेलांबाबत एक सावधगिरी. खोली संशय यावा इतकी स्वस्त असेल तर सफारी आमच्याकडूनच घ्या असा आग्रह मागून येतो. स्टेशनवर कुणी तुमचं हॉटेल बंद पडलंय म्हणाला तर हॉटेलला फोन लावा, कमिशनसाठी दुसरीकडे नेण्याची ती जुनी युक्ती आहे.

११. उंटावर आणि जीपमध्ये आजी-आजोबांना बसवावं का?

उंट चालतो तेव्हा भीती नसते. पडणं होतं ते उठता-बसताना. उंट आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे बसणारा एकदम पुढे फेकला जातो. बसताना पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही झोक पुढेच जातो. दोन्ही वेळा मागे रेलायचं आणि खोगिराची खुंटी दोन्ही हातांनी धरायची. पिशवी गळ्यात नको, मोबाईल हातात नको. लहान मूल मोठ्या माणसाच्या पुढ्यात बसवा. कमरेचं किंवा खुब्याचं दुखणं असेल तर उंटगाडा मागा, त्यावर चौघं आरामात बसतात.

धोऱ्यांवरून उड्या मारणारी जीप मात्र वेगळी गोष्ट आहे. मणक्याचा त्रास, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, पाच वर्षांखालचं मूल, यांपैकी काहीही असेल तर नको. मागे उभं राहून दांडा धरायला सांगतात तेव्हा नकार द्या आणि पट्टा असलेल्या सीटवरच बसा. चालक म्हणेल काही होत नाही, तरीही.

१२. खाण्याचं कसं? उपास असेल तर?

शाकाहारी, जैन जेवण सहज मिळतं. केर-सांगरी, गट्ट्याची भाजी, कढी, बाजरीची भाकरी आणि दाल-बाटी-चुरमा हे खायलाच हवं. घोटुवा लाडू घरी न्यायला चांगले. बाटी तुपात बुडवून येते, रात्रीच्या जेवणात ती वडीलधाऱ्यांना जड जाते. बाटी दुपारी, रात्री खिचडी-कढी असं ठेवलं की पोटं नीट राहतात. पाणी फक्त सीलबंद किंवा आरओचं.

चतुर्थी-एकादशी येत असेल तर भगर आणि दाण्याचं कूट घरून न्या, हॉटेलवाले शिजवून देतात.

किल्ल्याच्या दाराजवळ परवानाधारक भांगेचं दुकान आहे. तिथे भांग लस्सीत आणि बिस्किटांतही मिळते, तेव्हा मुलांच्या हाती काय येतंय ते बघा. मखनिया लस्सी प्यायची तर जोधपूरला.

१३. तनोट आणि लोंगेवाला एका दिवसात होतं का? परवाना लागतो का?

होतं. सकाळी आठला निघा. रामगढमार्गे तनोट सुमारे १२० किलोमीटर, तिथून लोंगेवाला चाळीसच्या आत, आणि रामगढवरूनच परत. रामगढला टाकी भरून घ्या आणि रोख पैसे जवळ ठेवा, पुढे मोबाईलची रेंज जाते.

तनोट मातेच्या मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दल बघतं. १९६५ च्या युद्धात पडलेले, न फुटलेले गोळे तिथे मांडले आहेत. लोंगेवालात ४-५ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या तुकडीने रणगाड्यांचा हल्ला उजाडेपर्यंत थोपवून धरला आणि सकाळी जैसलमेरहून हंटर विमानं आली. ते रणगाडे अजून तिथे आहेत. निघण्याआधी मुलांना ही हकीकत सांगितलेली असेल तर ती तिथे थबकून बघतात.

भारतीय नागरिकांना या दोन्ही ठिकाणी परवाना लागत नाही. तनोटच्या पुढे सीमेच्या खांबापर्यंत जायचं तर आधी परवानगी काढावी लागते आणि प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र लागतं. सीमेवर ताण असला की हे सगळंच बंद होतं, आदल्या संध्याकाळी हॉटेलात चौकशी करा. ड्रोन घरीच ठेवा.

१४. अमेरिकेहून आलेली बहीण सोबत आहे, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) आहे. तिला चालेल ना?

शहर, किल्ला, सम यांना अडचण नाही. सीमेलगतचा पट्टा परदेशी नागरिकांसाठी प्रतिबंधित आहे, आणि तिथे ओसीआयधारकही परदेशीच धरले जातात. त्यामुळे प्रश्न १३ मधल्या सहलीसाठी तिला जिल्हा प्रशासनाकडून आधी परवानगी घ्यावी लागेल. मुलाचा पासपोर्ट परदेशी असेल तर त्यालाही हेच लागू. चेकपोस्टवर विनवण्या करून उपयोग होत नाही, आणि मग सगळं कुटुंब परत फिरतं.

१५. नांदूरमध्यमेश्वरला नेहमी जातो. तिकडे पक्षी बघायला काय आहे?

दोन जागा. समजवळच्या मरु राष्ट्रीय उद्यानात माळढोक, ज्याला तिकडे गोडावण म्हणतात. जगात हे पक्षी जेमतेम दीडशे उरले असावेत आणि त्यातले बहुतेक याच भागात आहेत. पहाटे वाटाड्यासह जा. दिसेलच असं नाही, आणि दिसला तर जवळ जाऊ नका.

दुसरं, जोधपूर-जैसलमेर लोहमार्गावरच्या फलोदीजवळचं खीचन. सप्टेंबर ते मार्च तिथे हजारो कांड्या करकोचे मुक्कामाला असतात, स्थानिक माणसं त्यांना रोज सकाळी दाणे घालतात. नांदूरमध्यमेश्वर २०२० मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं, खीचन २०२५ मध्ये. फलोदीला एक रात्र राहिलात तर सकाळचा तो थवा खात्रीने दिसतो.

१६. द्राक्षबाग आहे. घर सोडायचं कधी?

ऑक्टोबर छाटणी लवकर झाली असेल तर विरळणी आणि डिपिंग उरकल्यापासून मण्यांत पाणी उतरेपर्यंतचा थोडा अवकाश मिळतो, तोच धरा. डिसेंबरातली थंडी आणि दहिवर बघता फवारणीचं बघणारं एक जाणतं माणूस घरी हवंच. सगळे मिळून निघायचं असेल तर काढणी मार्चच्या आत संपते का यावर ठरवू नका, तोवर तिकडे ऊन तापलेलं असतं.

१७. वडिलांना हृदयाचा त्रास आहे, न्यावं का?

डॉक्टरांना विचारूनच. जैसलमेरला जिल्हा रुग्णालय आहे, पण मोठ्या उपचारांसाठी जोधपूरचं एम्स गाठावं लागतं, म्हणजे पाच तास. म्हणून तनोटचा दिवस त्यांच्यासाठी वगळा, वाळूतला मुक्कामही दुपारपुरता ठेवून रात्री शहरात परता. औषधं दुप्पट न्या, दोन वेगळ्या बॅगांत, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. दम्याच्या रुग्णाने इनहेलर जीपमध्ये खिशातच ठेवावा, मागच्या बॅगेत नको.

१८. सुटी तीन-चार दिवसांचीच आहे. तरी जमेल?

जैसलमेर नको, कच्छला जा. मुंबईहून भुजला रोज रात्रीच्या गाड्या आहेत आणि भुजहून धोरडो सुमारे ८० किलोमीटर. तिथे वाळू नाही, मिठाचं पांढरं रण आहे, आणि पाणी पुरतं आटून ते पांढरं व्हायला डिसेंबर उजाडतो. पौर्णिमेची तारीख बघून जा. रणात शिरायला परवाना लागतो, तो ऑनलाइन किंवा वाटेतल्या भिरंडियारा नाक्यावर मिळतो. कपड्यांची तयारी प्रश्न २ प्रमाणेच, फक्त मीठ बुटांना खातं, तेव्हा जुने बूट घाला आणि परतल्यावर गोड्या पाण्याने धुऊन टाका.